विनोदी चित्रपट मुलांना दाखवण्याजोगा आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (नाशिक) मे महिन्याच्या सुट्टीत गच्चीवर पडदा लावून मुलांना एक विनोदी चित्रपट दाखवायचा बेत आहे. पुढे सतरंजीवर पहिली ते नववीची पोरं, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. निवड माझ्याकडे आली आहे. आतापर्यंत तीन नावं सुचवली गेली: 'अशी ही बनवाबनवी', 'झपाटलेला' आणि हिंदीत डब केलेला 'होम अलोन'.

मारामारी, शिव्या, पडद्यावरची जवळीक या गोष्टी पटकन दिसतात आणि त्यावर निर्णयही पटकन होतो. विनोदाचं मात्र तसं नाही. एखाद्या चित्रपटात एकही शिवी नसते, कपडे सगळ्यांचे नीट असतात, पण दोन तास आपण कुणावर हसतोय हे पाहिलं तर तो जाडा असतो, तोतरा असतो, सावळी मुलगी असते, नाहीतर गावाकडून आलेला गडी असतो. मला त्याची जास्त काळजी वाटते. मुलं हसायला फार लवकर शिकतात, आणि कशावर हसायचं हे आपल्याकडे बघून शिकतात.

तुम्ही हे कसं ठरवता? सेन्सॉरचं प्रमाणपत्र पुरतं का? वयाची रेघ कुठे ओढता? अनुभव सविस्तर लिहा. फक्त नावं सुचवलीत तरी चालेल, पण सोबत कारण लिहा.

अर्धा_कप

बनवाबनवी. विषय संपला. पुढचा धागा काढा. :)

तिरफळ

अर्ध्या कपाला पूर्ण कप अनुमोदन. १९८८ चा चित्रपट आहे, आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे. अशोक सराफ नुसते दार उघडायला निघाले की आमची आजी आधीच हसायला लागायची.

जुना_प्रोजेक्टर

प्रमाणपत्राबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी एकपडदा थिएटरात झाली.

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद दिसतो, त्यावर लोक फक्त ठळक अक्षर बघतात. १९५२ च्या कायद्याखाली सुरुवातीला यू आणि ए असे दोनच वर्ग होते. यू/ए आणि एस (डॉक्टरांसारख्या ठरावीक प्रेक्षकांपुरता) हे १९८३ मध्ये आले, आणि त्याच सुमाराला मंडळाच्या नावातलं 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. लोकांच्या तोंडी अजून सेन्सॉरच आहे. यू म्हणजे सगळ्यांना खुला. यू/ए म्हणजे तेव्हा बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी बघून ठरवावं, असं होतं. २०२३ च्या दुरुस्तीने त्याच यू/ए चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग पाडले.

लोकांचा गैरसमज इथेच होतो. ए असेल तर डोअरकीपरने अठराच्या आतल्याला आत सोडायचं नसतं, तो कायदा आहे. यू/ए मधलं वय मात्र पालकांना दिलेली सूचना आहे. ते थिएटरवाला तपासणार नाही, पोलीस तर नाहीच. ती जबाबदारी कायद्याने तुमच्या-माझ्यावर टाकलेली आहे. आणि लहान मूल कडेवर घेऊन ए चित्रपटाला आलेल्या पालकांशी आमच्या डोअरकीपरची किती भांडणं व्हायची! "तो झोपलेला असतो हो" हे ठरलेलं उत्तर. मूल झोपत नसे. दुसऱ्याच सीनला उठून रडायचं आणि अख्खी बाल्कनी आमच्या नावाने ओरडायची.

तर ताई, प्रमाणपत्राने चाळणीचं काम होतं, निवडीचं होत नाही. मंडळाचे लोक प्रौढ प्रेक्षकांच्या नजरेने दृश्य बघतात. तुमच्या सतरंजीवर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नसतं.

खडीसाखर

'झपाटलेला' पहिली-दुसरीच्या मुलांना नको, एवढं कळकळीने सांगते.

आपल्याला तो विनोदी वाटतो, कारण आपल्याला लक्ष्या दिसतो. सहा वर्षांच्या मुलाला तात्या विंचू दिसतो. रामदास पाध्यांनी तो बाहुला इतका जिवंत केलाय की त्याची मान हळूच वळते तेव्हा मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो. माझी धाकटी तो बघून आल्यावर खेळण्यातल्या सगळ्या बाहुल्या कपाटात उलट्या ठेवायची, तोंडं भिंतीकडे. रात्री कपाटाला कडी लावली का, हे उठून बघायची. बरं, चित्रपट बघताना ती खिदळत होती! भीती घरी आल्यावर, दिवे घालवल्यावर आली.

मला वाटतं वय ठरवताना लोक एक गोष्ट विसरतात. मूल थिएटरात हसलं याचा अर्थ त्याला ते झेपलं असा होत नाही. चार लोक हसतात म्हणून तेही हसतं. पाचवीच्या पुढच्यांना मात्र हा चित्रपट जरूर दाखवा. त्या वयात बाहुला कसा चालवतात, ओठ न हलवता आवाज कसा काढतात यात मजा येते, आणि भीतीचीही एक गंमत असते.

घाटावरचा

मला हा सगळा विचारच जरा जास्त वाटतो. स्पष्ट लिहितोय, राग नसावा.

आमच्या गावच्या जत्रेत तंबूत दादा कोंडक्यांचे चित्रपट लागायचे. सगळं गाव बसायचं, बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, आणि पोरं पुढ्यात मातीत. दोन अर्थांचं गाणं लागलं की मागून हशा यायचा. आम्हाला पहिला अर्थ कळायचा, त्यावर आम्हीही हसायचो. दुसरा अर्थ कळला तो कॉलेजात गेल्यावर. तोवर काही बिघडलं नाही. आमच्यातले डॉक्टर झाले, शिक्षक झाले, शेती करतात, बायकापोरांशी नीट वागतात.

मुलांना जे कळायचं नाही ते डोक्यावरून जातं. आणि जे कळतं ते त्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत आधीच ऐकलेलं असतं. आजच्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, आणि आपण गच्चीवर कुठला चित्रपट लावायचा यावर खल करतोय!

सावळी

घाटावरचे दादा, तुमचं अर्धं पटतं. दोन अर्थांचे शब्द खरंच डोक्यावरून जातात. पण त्या वेळी सगळे कुणाकडे बघून हसतात, हे डोक्यावरून जात नाही. तुम्ही पुढ्यात मातीत बसला होता. बाजूला बायकांत बसलेल्या मुलींनी काय ऐकलं, हे त्यांना विचारून बघा कधी.

माझं या धाग्यावरचं नाव मुद्दाम घेतलेलं आहे. विनोदी चित्रपटात, नाटकात, टीव्हीवर एक प्रसंग ठरलेला असे. मुलगी बघायला मंडळी येतात, आधी गोरी बहीण पोहे घेऊन येते, सगळे खूश, मग कळतं की नवरी दुसरीच आहे. ती काळी किंवा जाडी, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो, मागे भोंगा वाजतो, मुलगा चक्कर येऊन पडतो. आमच्या घरी सगळे हसायचे. माझे बाबाही हसायचे, आणि बाबांचा माझ्यावर फार जीव होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या भोंग्याचा आवाज मला अजून कुठेही ओळखता येईल.

त्यात ना शिवी, ना मारामारी. कुठल्याही मंडळाने तो यू म्हणूनच सोडला असता.

पाटलीणबाई

सावळी, घट्ट मिठी.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. सुट्टीनंतर मुलं काय बघून आलीत हे मला कुणाला विचारावं लागत नाही. खेळाच्या तासाला कळतं. दारुड्याची नक्कल सगळ्यात जास्त. विनोदी चित्रपटातला दारुडा कायम मजेशीर असतो ना! झोकांड्या खातो, खांबाशी बोलतो. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, बाकीची मुलं ही नक्कल करतात तेव्हा तो दप्तर आवरायला लागतो. त्याच्या घरी ते रोज घडतं, आणि तिथे कुणी हसत नाही.

मी मुलांना चित्रपट दाखवू नका असं म्हणत नाही. पण वर्गात तीस मुलं असली तर तीस घरं असतात, हे गच्चीवरही लक्षात ठेवा. आपल्या घरात आपल्या लेकराला काय दाखवायचं हा एक प्रश्न, आणि दुसऱ्यांच्या चाळीस लेकरांना काय दाखवायचं हा त्याहून अवघड.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडात एक चांगली सोय आहे, ती सांगतो. इथलं चित्रपट वर्गीकरण मंडळ नुसतं अक्षर देऊन थांबत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटाखाली लिहिलेलं असतं की हा वर्ग का दिला: भीतीदायक प्रसंग कोणते, भाषा कशी, मारामारी कुठल्या प्रकारची. यू म्हणजे साधारण चार वर्षांपासून पुढे. पीजी म्हणजे आठ-एक वर्षांचं मूल त्याने अस्वस्थ होऊ नये. २००२ पासून थिएटरसाठी १२ए आहे, म्हणजे बाराच्या आतलं मूल मोठ्या माणसासोबतच आत जाणार, आणि हे थिएटरवाला तपासतो.

त्यांच्या निकषांतले दोन मला फार आवडतात. एक म्हणजे मूल नक्कल करेल असं धोकादायक वागणं, आणि दुसरा भेदभाव, म्हणजे वंश, लिंग, अपंगत्व वगैरेंवरून केलेली टिंगल. म्हणजे गोदाकाठी म्हणतायत तो मुद्दा तिथे निदान कागदावर तरी विचारात घेतलेला आहे.

आता 'होम अलोन'. इकडे तो पीजी. ख्रिसमस आला की घरोघरी लागतोच. माझ्या मुलाने तो बघितला आणि जिन्यावर खेळण्यातल्या गाड्या पसरून ठेवल्या. चित्रपटातल्या केव्हिन या मुलाने चोरांसाठी ठेवल्या होत्या तशाच. माझे सासरे भारतातून आलेले, सकाळी चहाला खाली उतरत होते. कठड्याला हात होता म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही तो चित्रपट मुलासोबत परत बसून बघितला आणि प्रत्येक सापळ्याला थांबवून विचारलं की खऱ्या माणसाचं इथे काय झालं असतं? इस्त्री तोंडावर पडली तर? डोक्याला ज्वाला लागली तर? पायात खिळा गेला तर? त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. "मग ते मेलेच असते" म्हणाला, आणि पुन्हा हसायला लागला. मला ते हसणं चाललं. त्याला खोटं आणि खरं वेगळं कळत होतं.

अर्धा_कप

सासऱ्यांचं वाचून पोटात गोळा आला. बरे आहेत ना?

लेस्टरकर

अगदी ठणठणीत. तो चित्रपट मात्र त्यांना अजून पसंत नाही.

बाराखडी

बऱ्याच दिवसांपासून वाचनमात्र होते. या धाग्यावर लिहायलाच हवं.

माझा मुलगा अडखळत बोलतो. वाचा उपचार चालू आहेत, खूप सुधारणा आहे. पण नवीन जागी, नवीन माणसांसमोर 'क' आणि 'प' अडतात. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला घरी हिंदी विनोदी चित्रपट लावला होता, एका पात्राला नीट बोलता येत नाही आणि दर वेळी त्यावरच हशा, असा. आपल्याकडे असे कितीतरी आहेत, नाव कशाला घेऊ. पालक चांगले आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं. चित्रपटात शिवीगाळही नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये त्याला त्या पात्राचं नाव मिळालं होतं.

त्याने मला काही सांगितलं नाही. त्याने व्हॅनमध्ये बोलणंच सोडलं. व्हॅनवाल्या काकांनी फोन केला, की ताई, हा हल्ली गप्प का असतो, तब्येत बरी आहे ना?

म्हणून घाटावरचे दादा, मी तुमच्याशी भांडत नाही, पण काही बिघडत नाही हे कोण ठरवणार? ज्याचं बिघडतं तो बहुतेक वेळा बोलत नाही.

घाटावरचा

बाराखडीताई, तुमच्या लेकाला माझा आशीर्वाद सांगा. व्हॅनवाले काका मोठे माणूस म्हणायचे.

तुमचं म्हणणं मी ऐकलं. तरी एक प्रश्न उरतो, तो मनापासून विचारतो. कुणावरच हसायचं नाही म्हटलं तर विनोद उरतो कुठे? तमाशातला सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, फौजदाराला टोपी घालतो म्हणून तर गाव हसतं. गरिबाला वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागते, त्याची फजिती बघून हसायला मिळतं. ते हसणं मुलांपासून तोडू नका, एवढंच माझं म्हणणं. गुळगुळीत केलेला विनोद पोरांनाही आवडत नाही, ती लगेच जांभया देतात.

सावळी

दादा, हे अगदी मान्य! पाटलाची टोपी उडाली तर मी पहिली हसेन. भोंगा वाजायचा तो पाटलावर नव्हता वाजत, माझ्यावर वाजत होता, एवढाच फरक.

काळा_कोट

इथे एक कायदेशीर संदर्भ उपयोगी पडेल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटातल्या अपंगांच्या चित्रणावरून निकाल दिला. चित्रपटावर बंदी घातली नाही. पण विनोदाचे दोन प्रकार न्यायालयाने स्पष्ट वेगळे केले. एका विनोदातून अपंगत्व समजून घेता येतं, त्या माणसाचं जगणं कळतं. दुसऱ्या विनोदात त्या माणसाला कमी लेखलं जातं. पहिला चालेल, दुसरा टाळावा, आणि असं चित्रण करण्याआधी अपंग व्यक्तींशी बोलावं, अशा अर्थाच्या सूचना त्या निकालात आहेत.

प्रमाणन मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांतही शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांची टिंगल विनाकारण दाखवू नये असं कलम आहे, द्वयर्थी शब्दांबद्दलही आहे. कागदावर आपण इंग्लंडच्या फार मागे नाही. पण 'विनाकारण' म्हणजे काय, हे शेवटी त्या दिवशी समितीवर बसलेली माणसं ठरवतात.

घाटावरच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला या निकालात दिसतं. अडखळत बोलणारं पात्र विनोदी असूच शकतं. ते हुशार असेल, समोरच्याला बनवत असेल, आणि आपण त्याच्यासोबत हसत असू, तर बाराखडीताईंचा मुलगासुद्धा हसेल.

बाराखडी

हो. हसेल. घरी तो स्वतःच सगळ्यांच्या नकला करतो, माझीसुद्धा.

खडीसाखर

'थ्री इडियट्स'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? अभ्यासावरचा चांगला चित्रपट म्हणून आपण सगळ्यांनी मुलांना दाखवला. भाषणाचा प्रसंग आठवा. बलात्कारासारखी गोष्ट हशाचं साधन झालीय, आणि अख्खं सभागृह लोळतंय. माझ्या मोठ्याने विचारलं, आई, सगळे एवढे का हसतायत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच चित्रपटात आत्महत्येचे प्रसंग किती गंभीरपणे घेतलेत! म्हणजे बनवणाऱ्यांना गांभीर्य कळत नव्हतं असं नाही.

अर्धा_कप

त्या प्रसंगावर मी थिएटरात हसलो होतो. माझी पुतणी आता बारा वर्षांची आहे, तिच्याशेजारी बसून तो प्रसंग बघणं मला जमलं नाही. मी उठून पाणी आणायला गेलो. तिने मात्र नंतर थेट विचारलं आणि वहिनीने शांतपणे समजावून सांगितलं. असं बोलणं घरात व्हायचं असेल तर तो चित्रपट तेरा-चौदाला दाखवायला माझी हरकत नाही.

जुना_प्रोजेक्टर

याच्या बरोबर उलट उदाहरण 'ओएमजी २' चं, २०२३ मधलं. विषय शाळकरी मुलाचा, लैंगिक शिक्षण शाळेत द्यावं की नाही हा, मांडणी हलकीफुलकी. प्रमाणपत्र मिळालं ए. म्हणजे ज्यांच्यासाठी तो विषय आहे त्या मुलांना थिएटरची दारं बंद! आणि बायकांच्या अंगावरून विनोद करणारे किती चित्रपट यू/ए घेऊन सुट्टीत झळकतात. विषय बघून अक्षर ठरतं, दृष्टी बघून ठरत नाही. म्हणून म्हणतो, त्या कागदावर विसंबू नका.

तिरफळ

थोडं अवांतर, पण बनवाबनवीशी संबंधित.

आमच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं होतं, पुरुषांनी साडी नेसली की लोक हसतात, हे तरी मुलांना दाखवणं बरोबर आहे का? प्रश्न चांगला आहे. मी विचार केला तेव्हा बालगंधर्व आठवले. साडी नेसलेल्या त्या पुरुषावर कुणी हसलं नाही. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची, केसांच्या ठेवणीची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. आमच्या कोकणात दशावतारात आजही पुरुष स्त्रीपात्र करतात, आणि तो शोक करायला लागला की मांडवात बायका पदर डोळ्याला लावतात. म्हणजे साडी नेसलेला पुरुष बघितला की हसायचंच असतं, असं आपल्या मातीत मुळात नाही.

बनवाबनवीत आपण परशा आणि सुधीरला हसतो, ते साडीवर हसतो की पकडले जाण्याच्या भीतीवर? मला वाटतं भीतीवर. पार्वतीच्या डोहाळजेवणाचं गाणं घ्या. बायका किती मनापासून सजवतायत, ओटी भरतायत, आणि मध्ये बसलेला लक्ष्या घामाघूम! लक्ष्मीकांत बेर्ड्यांचे डोळे बघा त्या गाण्यात. बायकांची थट्टा तिथे नाहीच, थट्टा आहे खोटं बोलून अडकलेल्याची.

पाटलीणबाई

सुंदर लिहिलंत तिरफळ. एक जोड देते. मुलांना त्यात न कळणारी गोष्ट वेगळीच असते. माझ्या भाचीने विचारलं होतं की लग्न झालेलं नसेल तर घर भाड्याने का देत नाहीत? सगळी बनवाबनवी त्या एका अटीमुळे होते, आणि आजच्या मुलाला तीच अट सांगावी लागते. पुण्यात शिकायला गेलेल्या आतेभावाला फोन लावून दिला तिला. त्याने अर्धा तास घरमालकांचे किस्से सांगितले.

घाटावरचा

म्हणजे अट अजून तशीच आहे! :)

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. कालपासून प्रतिसाद वाचतेय, बाराखडीताईंचा तर दोनदा वाचला.

गच्चीचं असं ठरवलंय. 'झपाटलेला' सहावीच्या पुढच्यांसाठी वेगळ्या दिवशी, क्लबहाउसमध्ये, दिवे पूर्ण न घालवता. 'होम अलोन' वगळला. आमच्या इमारतीला जिने फार आहेत आणि आजोबाही. बनवाबनवी होणार, पण आजी-आजोबांच्या आग्रहाने दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री, सगळ्या वयांसाठी, मला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावावासा वाटतोय. तो दादासाहेब फाळक्यांवर आहे, आणि फाळके मूळचे आपल्या त्र्यंबकेश्वरचे. दीड तासाचा आहे, पेंगायच्या आत संपतो. घरातली भांडीकुंडी, कपाटं विकून माणूस चित्रपट काढतो आणि बायको, मुलं, सगळे त्यात उतरतात. मिश्या काढायला तयार नसलेल्या नटांना साड्या नेसवतानाची धमाल मुलांना नक्की आवडेल. तिरफळ, तुमचा मुद्दा इथेही लागू होतो. फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटात तारामती झाले होते साळुंके, आणि १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच!

फाळक्यांची दृष्टी जायची वेळ येते, तो भाग लहानांना जड जाईल का? कुणी मुलांसोबत बघितलाय?

खडीसाखर

आम्ही बघितलाय. धाकटी त्या प्रसंगी गप्प झाली आणि माझ्या जवळ सरकली, पण घाबरली नाही, कारण घरातली माणसं त्यांच्याभोवती असतात. नंतर दोन दिवस डोळ्यांवर ओढणी बांधून घरभर फिरत होती. बिनधास्त लावा.

काळा_कोट

रंगात भंग करतोय, पण आधी सांगितलेलं बरं. ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. सोसायटीच्या गच्चीवर शंभर माणसांना चित्रपट दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन होतं, त्याला हक्कधारकांची परवानगी लागते. तिकीट नसलं तरी लागते. समितीच्या लेटरहेडवर पत्र लिहा, वेळेत विचारा. आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, हेही सेक्रेटरींना सांगून ठेवा.

गोदाकाठी

परवानगीचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच पत्र तयार करते. मसुदा बघून द्याल का?

काळा_कोट

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्या संध्याकाळपर्यंत बघून देतो.

बाराखडी

ताई, एक विनंती. चित्रपट संपल्यावर लगेच पडदा गुंडाळू नका. दहा मिनिटं मुलांना बोलू द्या, कुठे हसू आलं, कुणाचं वाईट वाटलं. आणि ज्याला बोलायचं नाही त्याला माइक देऊ नका. माझ्या मुलाच्या वाचा उपचार करणाऱ्या मॅडम गटात असंच करतात. जो बोलत नाही त्याच्या हातात कागद देतात, चित्र काढ म्हणतात. सगळ्यात जास्त कळतं ते त्या कागदांवरून.

पाटलीणबाई

बाराखडीताई, हे मी माझ्या वर्गात करून बघणार आहे. कागद कोरे देता की आधी काही छापलेलं असतं?

बाराखडी

कोरे. आणि नाव घालायची सक्ती नाही.